गेलं चितळ

आजोबांच्या एकनळी बंदुकीचा घोडा, म्हणजे चापाने सुटणारा तो मागचा छोटा हातोडा, मी पहिल्यांदा मागे ओढला तेव्हा दोन आवाज झाले. आधी एक बारीक ‘कट्’, मग जरा जाड ‘कटाक्’. बंदूक रिकामी होती, मी दहा वर्षांचा होतो आणि समोर नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याची पोपडे आलेली भिंत होती. आजोबा झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न करता ते म्हणाले, “गेलं चितळ.”

नागपूर राजधानी होतं, म्हणजे १९५६ च्या आधी, तेव्हा ते सचिवालयात कारकून होते. त्या काळी परवाना काढून, जंगलाचा ठरावीक ब्लॉक घेऊन रीतसर शिकार करता यायची. देवलापारच्या बाजूला ते अधूनमधून जात. पण त्यांच्या गोष्टींत पडलेलं जनावर क्वचितच यायचं, पळालेली मात्र भरपूर. आणि प्रत्येक पळालेल्या जनावरामागे एक आवाज असायचा. बंदुकीच्या पट्ट्याची कडी वाजली. खिशात काडतुसाला काडतूस लागलं. एकदा तर म्हणे नुसतं पोट गुरगुरलं. (यावर आजीचं म्हणणं असं की आदल्या रात्री सावजीकडे जेवून आले होते, दुसरं काय होणार.)

मी शिकारीच्या बाजूचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला त्या बंदुकीतलं आवडलं ते एवढंच, की तिच्यापायी एका जाड्या, घोरणाऱ्या, पायऱ्या दणदण उतरणाऱ्या माणसाने गप्प राहण्याची विद्या इतकी बारकाईने शिकून घेतली होती.

दुनळीवाल्याकडे निदान दुसरी गोळी असते. एकनळी एकदाच बोलते. एकदा बोलली की मोडा, रिकामं काडतूस काढा, नवं घाला, बंद करा. तेवढ्या वेळात जनावर मध्य प्रदेशात. म्हणून जे काही खुडबुडायचं ते आधी, आणि मुक्याने. बारा बोअरची साधी बंदूक ती, बिजागरीत वाकणारी. काडतूस घालून झटक्यात मिटली तर ‘खटॅक’ असा आवाज येई. आजोबा वरचा खटका अंगठ्याने दाबून धरत, नळी हळूच दस्त्याला टेकवत आणि मगच खटका सावकाश सोडत. झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लावावं तसं. पट्ट्याच्या कड्यांना आजीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या. काडतुसं खिशात नाहीत, कमरेच्या कातडी पट्ट्यात, एकेक आपापल्या घरात.

राहिला घोडा. त्याच्या आत दोन खाचा असतात: एक अर्ध्या वाटेवरची, एक पूर्ण. त्या खाचांत अडकण येऊन बसते, तेच ते दोन आवाज. चाप आधीच दाबून धरून घोडा अगदी मागेपर्यंत ओढला आणि तिथे चाप सोडून घोडा हलकेच टेकू दिला, तर तो न बोलता बसतो. आजोबांनी हे मला रिकाम्या बंदुकीवर एकदा दाखवलं आणि लगेच बंदूक उचलून फडताळात ठेवली. त्यांच्या ओळखीच्या एकाचा घामाने ओला अंगठा नेमका तेव्हाच सटकला होता. गोळी जमिनीत गेली, म्हणून तो गृहस्थ पुढे पाय घेऊन घरी आला. “मुकी बंदूक जास्त वाईट,” एवढं बोलून आजोबा चहा मागायला आत गेले.

गंमत म्हणजे हा सगळा खटाटोप ज्यासाठी, तो बार पुढच्या गावात ऐकू जाणारा! पण बाराचं काय घेऊन बसलात, तो होईपर्यंत जनावर तिथे राहायला हवं ना. आणि जंगल काही गप्प नसतंच. काटकी मोडते, माकडं फांद्या हलवतात, पाखरं पाचोळा उसकटत असतात. चितळ चरत राहतं. पण जंगलात लोखंडाला लोखंड कधी लागत नाही. तो बारीक, कोरडा, अचानक आलेला टणका त्याच्या रोजच्या आवाजांत कुठेच बसत नाही. मान वर होते, कान वळतात, पुढचा पाय जमिनीवर आपटला जातो आणि मग ती तीक्ष्ण हाक. झाडावरचं वानर खाकरतं. लांब कुठेतरी सांबर ‘ढांक’ करून घेतं. सगळ्या मोहल्ल्याला कळतं की पाहुणे आलेत.

आजोबांबरोबर एक गोंड म्हातारा असायचा, अनवाणी, हातात फक्त काठी. फेब्रुवारीनंतर सागाची पानं गळतात, ताटाएवढी, आणि उन्हात वाळून अशी होतात की पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. म्हातारा पावलाची बाहेरची कड आधी टेकवायचा, खाली काय आहे ते चाचपायचा, मगच भार टाकायचा. आजोबांचे कॅनव्हासचे बूट बघून म्हणायचा, “साहेब, तुमची बंदूक उगी रायते, पन तुमचे पाय लय बोलतेत.”

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली फटही बुजवली. बरं झालं. आजोबांची एकनळी मग फक्त निवडणुकीच्या वेळी घराबाहेर पडायची, पोलीस ठाण्यात जमा व्हायला. ते गेल्यावर वडिलांनी ती कायमची जमा केली.

मागच्या उन्हाळ्यात पेंचला गेलो होतो. जिप्सीत पुढच्या सीटवरच्या एकाने कॅमेऱ्याच्या बॅगेचा वेल्क्रो फाडला. फर्रर्र! पाणवठ्यावरची चितळं उधळली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “गेलं चितळ.” त्याने माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाला, कॅमेऱ्याचा आवाज बंद केलाय हो, मेन्यूत जाऊन. मेन्यूत जाऊन! आजोबांना हे ऐकून फार वाईट वाटलं असतं.

येताना जबलपूर रस्त्याने आलो. पेंचच्या जंगलातून जाताना तिथे रस्ताच जागोजागी खांबांवर उचललाय, खालून जनावरांनी जावं म्हणून. पलीकडे सिवनीच्या बाजूला तर ट्रकचा आवाज आणि दिवे अडवायला कडेने पत्र्याच्या उंच भिंती आहेत. म्हणजे आख्ख्या राष्ट्रीय महामार्गालाच चिंध्या गुंडाळल्या म्हणायच्या. काम तेच, हेतू तेवढा उलटा.

माझ्याकडे त्या विद्येतलं काय उरलं म्हणाल, तर साखर. म्हणजे रक्तातली. डॉक्टरांनी गोड बंद केलंय आणि घरात संत्रा बर्फी येते ती पाहुण्यांसाठी. ती स्टीलच्या घट्ट डब्यात, ओट्यावरच्या दुसऱ्या फळीवर. झाकण सरळ ओढलं तर ‘टण्ण’ होतं. म्हणून रात्री मी अनवाणी जातो, पावलाची बाहेरची कड आधी. डबा पोटाशी धरायचा, झाकणावर पूर्ण तळवा ठेवायचा म्हणजे ते थरथरत नाही, आणि अंगठ्याने एका बाजूने कणाकणाने वर न्यायचं. खाचेत बसलेली अडकण सोडवावी तसं. परवा हे सगळं बिनचूक साधलं. कट् नाही, कटाक् नाही. बर्फीचा तुकडा हातात आला.

आतल्या खोलीतून आवाज आला, “अहो, झाकण नीट लावा. मुंग्या होतात.”