पिंप फोडलं की तीन दिवस

बाहेर ऊन असो की बर्फ, आमच्या पबचं तळघर ११ ते १३ अंशांच्या मध्येच ठेवावं लागतं. मुंबईहून आलेल्या मावसभावाने आमच्या बिअरचा पहिला घोट घेतला आणि हळूच विचारलं, "ताई, फ्रिज बिघडलाय का गं?" बाबा रे, ही अशीच प्यायची. गारढोण केली तर चवच मरते.

इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये मी आणि नवरा मिळून गल्लीच्या कोपऱ्यावरचा हा पब चालवतो. नाशिकच्या आत्याला ते अजून पचलेलं नाही, म्हणून आधी परवान्याचं सांगते. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याने परवाना पिणाऱ्याने काढायचा, 'परमिट रूम'ची पाटी आली ती त्यातूनच. इथे १८ पूर्ण झालेल्याला कोणी काही विचारत नाही. परवाना लागतो तो विकणाऱ्याला. परीक्षा द्यायची, गुन्हा नोंद नसल्याचा दाखला जोडायचा, मग कौन्सिल तुमच्या नावाने कागद देतं. सगळं ऐकून घेऊन आत्या म्हणते, "म्हणजे बारच ना?" हो आत्या, बारच.

खरं काम मात्र काउंटरवर नाही, खाली तळघरात. आम्ही विकतो ती पारंपरिक इंग्लिश बिअर, म्हणजे एल, ब्रुअरीतून पूर्ण तयार होऊन येतच नाही. यीस्ट जिवंत असतं आणि पिंपात आंबणं चालूच राहतं. नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन, ९ गॅलनचं, ७२ पाइंट, म्हणजे ७२ मोठे ग्लास. ते आडवं ठेवायचं आणि नंतर हलवायचं नाही. वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकली की फसफसून फेस वर येतो. तो पुसत राहायचं. फेस ओसरला की कडक लाकडाची खुंटी. साका तळाला बसून बिअर निवळशंख व्हायला हवी. तोटी बसवायची ती मोगरीच्या एका ठोक्यात. ठोका अर्धवट पडला तर भिंतीसकट आंघोळ!

निवळण्यासाठी पिंपात घालतात ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनवलेलं असतं. पालघरकडे घोळ माशाच्या ज्या पिशवीला भलताच भाव मिळतो, तसलीच ही चीज. त्यामुळे "बिअर व्हेज आहे का?" हा आपल्या मंडळींचा प्रश्न इथे अजिबात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हल्ली काही ब्रुअरी हे न घालता जरा गढूळ बिअर देतात. तळघरातली बिअर काउंटरवर ओढायचे जे हातपंप असतात, त्यातला एक पंप मी तिच्यासाठीच ठेवते.

पिंप फोडलं की आत हवा शिरते. मग साधारण तीन दिवस. त्यानंतर आंबटपणा येतो आणि उरलेलं ओतून द्यावं लागतं. आमचे पंप चार. दहा पंप मांडून बसलेले पब पाहिले की मला धडकीच भरते, इतकं पिणार कोण? शुक्रवार-शनिवारची चिंता नाही. प्रश्न मंगळवारचा.

भिंतीवरची चित्रं आली ती या मंगळवारपायी. कलेची सेवा वगैरे म्हणणारे म्हणोत. दर महिन्याला आसपासच्या एकाची चित्रं लावायची, आणि प्रदर्शन उघडायचं मंगळवारी संध्याकाळीच. चित्रकार आईला आणतो, शेजाऱ्यांना आणतो, ऑफिसातल्या चौघांना आणतो. विक्रीतलं कमिशन आम्ही घेत नाही, पिंप रिकामं होतं तेवढं पुरे. या शहराला पबच्या भिंतीवर चित्र नवं नाही म्हणा. फेगन्स नावाच्या जुन्या पबच्या बाहेरच्या भिंतीवर इथल्याच पीट मॅकी या चित्रकाराने म्हातारा-म्हातारीचं चुंबन रंगवलंय. ते बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करतात.

आमच्याकडे सध्या एका निवृत्त बसचालकाची चित्रं आहेत. सगळी पावसातल्या बसथांब्यांची, सगळी एकाच मार्गावरची. काचेवरून ओघळणारं पाणी असं काढलंय की हात लावून बघावंसं वाटतं. पण नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्याचं काय! शेवटून दुसऱ्या चित्रातला थांबा रस्त्याच्या डाव्या अंगाला होता की उजव्या, यावर पंधरवडाभर वाद चाललाय. वादात सगळ्यात पुढे असलेले आजोबा एरवी प्रत्येक नव्या एलला एकच शेरा देतात, "बरी आहे, वॉर्ड्ससारखी नाही." वॉर्ड्सची ब्रुअरी १९९९ साली बंद पडली, त्याच वर्षी स्टोन्सचीही. ती चव मी घेतलेली नाही, त्यामुळे वाद घालता येत नाही.

आता नोव्हेंबर येतोय. शेफील्डच्या उत्तर-पश्चिमेकडच्या गावांतल्या पबांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत स्थानिक नाताळगीतं म्हणतात. चर्चने एकोणिसाव्या शतकात नाकारलेल्या चाली, पबवाल्यांनी टिकवलेल्या. आमच्याकडेही त्यातली दहा-बारा मंडळी यायची म्हणतात. त्यांना मागच्या भिंतीलगत ऑर्गन हवाय, म्हणजे चार बसथांबे उतरवावे लागणार. बसचालक म्हणतो, महिना माझा ठरलाय. गायक म्हणतात, गाणी चित्रांच्या आधीपासून आहेत. नवरा दोघांनाही हो म्हणून मोकळा झालाय.