तिबोटी खंड्या: यंदाच्या पावसाळ्यातल्या नोंदी

मृगाचे पहिले पाऊस जिरले आणि कर्नाळ्याच्या बाजूच्या एका पऱ्यावर तिबोटीची जोडी दिसली. यंदा फोटोंच्या मागे न लागता एकाच बिळावर लक्ष ठेवायचं ठरवलं होतं. दुर्बीण, वही आणि लांबची एक आडोशाची जागा, बस्स.

आधी कान तयार झाला, ही यंदाची खरी कमाई. पक्षी जेमतेम 13 सेंटिमीटरचा. पिवळंधमक पोट, केशरी डोक्यावर जांभळी झाक, लालभडक चोच. एवढे रंग असूनही पावसाळी रानाच्या अंधारात तो बसल्या जागी दिसत नाही. उडताना मात्र बारीक, धारदार शिट्टी घालतो. ती कुठे जाऊन थांबली ते ऐकायचं आणि पाण्यालगतच्या खालच्या फांद्या चाळायच्या. बसल्यावर तो मान वर-खाली करतो. मला तर बहुतेक वेळा रंगाआधी ती हालचालच दिसली.

बीळ पऱ्याकाठच्या दरडीत आहे. माती भिजून मऊ झाली की नर-मादी मिळून कोरायला घेतात आणि बोगदा मीटरभर आत जाऊ शकतो. अंडी 4-5, उबवणी सुमारे 17 दिवस, त्यात दोघांचाही वाटा. पुढे पिलं उडायला साधारण 20 दिवस लागतात.

सगळ्यात रमलो ते खाऊच्या नोंदींत. खंड्या म्हटलं की मासे डोळ्यांसमोर येतात, पण इथे सापसुरळ्या, पाली, बेडूक, खेकडे, कोळी, चतुर असा सगळा मेवा. एकदा चोचीत सापसुरळी होती, जवळपास त्याच्याच लांबीची. फांदीवर डावी-उजवीकडे आपटून आपटून ती पार लुळी केली, मग चोचीतल्या चोचीत फिरवून तिचं डोकं बाहेरच्या बाजूला आणलं आणि सरळ बिळात शिरला. पिलाच्या घशात भक्ष्य डोक्याकडून जावं म्हणून ही कसरत. स्वतः गिळायचं असेल तर डोकं आपल्या घशाकडे घेतो. चोचीतलं भक्ष्य कसं धरलंय एवढं पाहिलं, तरी बिळात पिलं आहेत का याचा अंदाज बांधता येतो. बिळाजवळ जायची गरजच नाही.

जागा इथे लिहीत नाही, कुणी विचारलं तरी सांगणार नाही. दरडीसमोरच्या फांद्या तोडून, फ्लॅश मारत बसणारी माणसं पाहिली आहेत. आई-बाप खाऊ चोचीत धरून ताटकळतात आणि आत पिलं उपाशी राहतात. हा रायगडचा जिल्हापक्षी आहे, त्याला एवढं तरी अंतर द्या.

पहिली वीण वाया गेली तर ही जोडी दुसऱ्यांदा अंडी घालू शकते, म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत नोंदी चालू ठेवतोय. फिक्या रंगाची, नुकती उडालेली पिलं कुणाला दिसली तर तारीख आणि चोचीचा रंग नक्की टिपून ठेवा, पुढच्या भेटीत ताडून पाहू.