मागे कुणीच नव्हतं

बॅडमिंटनचा तिसरा गेम चालला होता. शटल नेटपाशी पडतंय म्हणून पुढे झेपावलो आणि उजव्या टाचेच्या जरा वर मागून कुणीतरी जोरात रॅकेट हाणली. चिडून मागे वळलो, तर मागे कुणीच नाही. जोडीदार पार दुसऱ्या कोपऱ्यात उभा होता. 'फट्' असा आवाज त्यालाही ऐकू गेला होता, पण त्याला वाटलं माझा बूट फाटला.

खरं सांगायचं तर फार दुखलं नाही, आणि तिथेच घात झाला. पाचेक मिनिटांत कळ ओसरली. बोटं हलत होती, पाऊल थोडंफार खालीही दाबता येत होतं. म्हणजे पाय मुरगळलाय, दुसरं काय! बर्फ लावला, क्रेप बँडेज गुंडाळलं. एक्सरेत हाड शाबूत निघालं. जिथे पहिल्यांदा दाखवलं तिथे सांगितलं, "लचक आहे, आठ दिवस आराम करा." मलाही तेच ऐकायचं होतं.

आठ दिवसांत सूज उतरली, चाल मात्र सुधारेना. पाऊल टाकलं की पुढे रेटाच मिळायचा नाही. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला चवड्यांवर उभा राहू गेलो, तर डावी टाच वर आणि उजवी जमिनीला चिकटलेली. तेव्हा मात्र घाबरलो.

दुसऱ्या डॉक्टरांनी पालथं झोपवलं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर. डावी पोटरी मुठीत धरून दाबली, तसं पाऊल आपोआप खाली झुकलं. उजवी दाबली. पाऊल जागचं हललं नाही, लोंबकळत राहिलं. मी मान वळवून बघत होतो आणि त्यांनी काही सांगायच्या आधीच समजलो. उठून बसल्यावर त्यांनी माझंच बोट टाचेच्या चार-पाच सेंटिमीटर वर टेकवलं. जिथे दोरीसारखी ताठ शीर लागायला हवी, तिथे मऊ खड्डा.

"अकिलिस टेंडन तुटलंय. पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा."

"पण बोटं हलतायत की!"

बोटं हलवणारे आणि पाऊल खाली न्यायला हातभार लावणारे स्नायू वेगळे, त्यांच्या कंडरा घोट्याच्या दोन्ही बाजूंनी जातात, असं त्यांनी समजावलं. त्यामुळे फसगत होते. एका पायावर अख्खं शरीर उचलायचं तर मात्र पोटरीच लागते, आणि माझी पोटरी टाचेपासून सुटली होती.

सोनोग्राफीत दिसलं की पाऊल खाली झुकवलं की तुटलेली टोकं एकमेकांना भिडतात. त्यामुळे ऑपरेशन किंवा बूट, दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. ऑपरेशनने पुन्हा तुटण्याची शक्यता थोडी कमी होते, पण जखम चिघळण्याची, कातडीजवळची नस दुखावण्याची भीती असते. मी बूट निवडला.

बूट म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचं प्लास्टिकचं धूड. आत टाचेखाली पाचरी रचलेल्या, म्हणजे पाऊल सतत चवड्यावर उभं असल्यासारखं झुकलेलं. ठरावीक दिवसांनी एकेक पाचर काढायची. झोपतानाही बूट. एका बाजूला उंची वाढल्यामुळे कंबर धरली, मग डाव्या पायात जाड तळव्याचा बूट घातला. पोटरी हलत नसली की रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून पोटरीत नवं दुखणं, सूज किंवा धाप जाणवली तर तडक या, अशी ताकीद होती. रोज रात्री पोटरी चाचपून बघायची सवयच लागली.

आणि सल्लागार! "तेल लावून चोळ", "पाऊल ताण, शीर मोकळी होईल." भेटायला येणारा प्रत्येक जण हेच. फिजिओथेरपिस्टनी नेमकं हेच बजावून मना केलं होतं. भरून येणारी कंडरा ताणली तर ती लांब होऊन भरते. सैल दोरीने बादली उचलावी तशी पोटरी मग कितीही ओढली तरी टाच पुरती उचलली जात नाही. आखडलेलं पुढे सुटतं, लांबलेलं सहसा आखूड होत नाही. तुटण्यापेक्षा या लांबण्याचीच धास्ती मी जास्त घेतली.

बूट सुटला तेव्हा पोटरी पाहून ओशाळलो. टेपने मोजली तर डावीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक. तेवढ्यात एकदा ओल्या फरशीवर पाय सरकला. काही झालं नाही, पण पहिल्या काही महिन्यांत अशा एका घसरण्यानेही पुन्हा तुटू शकतं हे ठाऊक होतं. नंतर अर्धा तास खुर्चीतून उठलो नाही.

आधी बसून टाचा उचलणं, मग भिंतीला धरून दोन्ही पायांवर, मग दोन्हींवर चढून एकट्या उजव्यावर हळूहळू उतरणं. पाचव्या महिन्यात एकट्या उजव्या पायावर टाच जेमतेम बोटभर सुटली. बायकोला हाक मारून दाखवेपर्यंत खाली आली होती.

काल उजव्या पायावर अकरा झाल्या, डाव्यावर पंचवीस. दोन्ही पायांचं सारखं होईपर्यंत कोर्टवर जायचं नाही, असं फिजिओ म्हणतात. रॅकेटची ग्रिप तेवढी बदलून ठेवली आहे.