लीजची गाडी ठोकली तर: पाना लावण्याआधीचं आणि नंतरचं

लीजच्या, म्हणजे कंपनीकडून ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेल्या, गाडीचा बंपर फुटला की पहिला सल्ला ठरलेला: ओळखीच्या डेंटरकडे टाका, दोन दिवसांत करून देईल. घरच्या गाडीला हे चालून जातं. लीजच्या गाडीची आरसी मात्र बहुतेक वेळा लीज कंपनीच्या नावावर, पॉलिसीही तिच्याच नावावर, आणि मुदत संपल्यावर गाडी तपासून घेणारा माणूसही तिनेच पाठवलेला. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजणारं मीटर असतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. पुट्टी थापलेल्या पत्र्यावर आकडा ३००, ५००, कधी हजाराच्याही पुढे जातो. बाहेर वाचवलेले चार हजार तिथे दामदुपटीने निघतात. त्यामुळे लीज कंपनीची लेखी मंजुरी येईपर्यंत कोणालाही पाना लावू देऊ नका. ईमेल चालेल, फोनवरचं 'हो हो, करून घ्या' चालणार नाही.

आधी जागेवरचं. गाडी हलवण्यापूर्वी चारही कोपऱ्यांतून फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असे. नुकसानाचा एक फोटो लांबून, एक जवळून. ओडोमीटर, समोरच्या गाडीचा नंबर आणि रस्त्यावरच्या खुणाही घ्या. गाळप हंगामात आपल्या सांगली भागात उसाच्या ट्रॉलीला मागून धडक बसण्याचे प्रकार होतात. ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच असं नाही आणि तिचा नंबर वाचता येईलच असंही नाही, म्हणून पुढे जाऊन ट्रॅक्टरचा नंबर टिपा. अशा धडकेत ट्रॉलीचा सांगाडा उंच असल्याने बंपर वाचतो आणि बॉनेट, पुढची काच, ए-पिलर (काचेच्या बाजूचा खांब) यांवर मार बसतो. बंपर शाबूत बघून 'किरकोळ आहे' म्हणणारे इथेच फसतात.

कोणाला इजा झाली असेल तर ११२ वर फोन करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. त्याच कायद्याच्या कलम २(३०) नुसार लीज करारावरची गाडी ज्याच्या ताब्यात, तो 'मालक' धरला जातो. तेव्हा समोरच्याची नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या दारातही येऊ शकते. ती आल्या दिवशीच विमा कंपनीला आणि लीज कंपनीला पाठवा. रस्त्यावर 'चूक माझी' असं लिहून देऊन आपसात मिटवू नका. त्या कागदाने क्लेम अडकतो.

टोइंग बोलावताना ऑटोमॅटिक, ऑल-व्हील-ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फ्लॅटबेडच मागा. इंजिन किंवा मोटरने फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स किंवा मोटर जाते, आणि ते नुकसान अपघाताच्या खात्यात घालता येत नाही. विम्याच्या जुन्या टॅरिफप्रमाणे साध्या पॉलिसीत टोइंगला १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. लीजच्या पॅकेजमध्ये रोडसाइड असिस्टन्स असेल तर आधी तो नंबर लावा.

आता कागद. क्लेम फॉर्मवर सही लागते पॉलिसीधारकाची, म्हणजे लीज कंपनीच्या अधिकृत माणसाची, शिक्क्यासह. गाडी वर्कशॉपमध्ये पोचते आणि सर्वेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) येऊन जातो, तरी फॉर्म मुंबई-पुण्यातल्या कोणाच्या तरी टेबलावर पडून राहतो. पहिल्याच दिवशी फॉर्म, चालकाचं लायसन्स, फोटो आणि घटनेचे चार ओळींचे वर्णन एका ईमेलमध्ये पाठवा. कॅशलेसचं (विमा कंपनी थेट वर्कशॉपला पैसे देते ते) बिल कोणाच्या नावाने आणि कोणत्या जीएसटी नंबरवर काढायचं, हेही त्यातच विचारा. बिल चुकीच्या नावाने निघालं तर करासकट सगळं पुन्हा करावं लागतं.

तुमच्या खिशातून किती जाणार, हे करार आणि झिरो-डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) यांवर ठरतं. झिरो-डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबरावर ५० टक्के घसारा, काचेवर शून्य, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीन वर्षांपर्यंत १५ टक्के. रंगाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग मटेरियलचा धरून त्यावर ५० टक्के कापतात. समजा दीड वर्षाच्या १,२०० सीसी गाडीचा बंपर १२,००० चा, बॉनेट १५,००० चं आणि रंग १०,००० चा. बंपरचे ६,०००, बॉनेटचे १,५००, रंगाचे १,२५० आणि दर क्लेममधली सक्तीची वजावट १,००० (१,५०० सीसीच्या वर २,०००): तुमच्या वाट्याला ९,७५० रुपये, कर आणि क्लिपांसारखा किरकोळ माल वेगळा.

घरच्या गाडीत नो क्लेम बोनस जपायला आपण छोटे क्लेम टाळतो. विमा भाड्यातच धरला असेल तर हा बोनस तुमचा नसतोच, म्हणून तो हिशेब इथे लागू नाही. क्लेमची संख्या आणि दर क्लेमला लागणारा चार्ज मात्र करारात बघा. दोन वेगळ्या ठोकरा एकाच क्लेममध्ये बसवायचा मोह टाळा. माराची दिशा, आणि जुन्या खरचट्याच्या कडेला चढलेला गंज, सर्वेअरला लगेच दिसतो.

वर्कशॉपमध्ये पहिलं एस्टिमेट अंतिम कधीच नसतं. बंपर उतरवला की मागचे ब्रॅकेट, रेडिएटर सपोर्ट, कंडेन्सर उघडे पडतात. त्याचं पुरवणी एस्टिमेट सर्वेअरने पाहिल्याशिवाय काम पुढे जाऊ देऊ नका. जुने पार्ट सर्वेअरचं रीइन्स्पेक्शन (फेरतपासणी) होईपर्यंत टाकायचे नाहीत. एअरबॅग उघडली असेल तर बेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारे) आणि एसआरएस मॉड्यूलची (एअरबॅगच्या कंट्रोल युनिटची) तपासणी यादीत आहे ना, ते बघा. पुढच्या काचेवर कॅमेरा किंवा बंपरमागे रडार असेल तर बसवल्यानंतर कॅलिब्रेशन लागतं. त्याचं यंत्र प्रत्येक वर्कशॉपमध्ये नसतं; सांगलीत सोय नसेल तर गाडी कोल्हापूर-पुण्याला जाईल, ते आधीच विचारा.

गाडी ताब्यात घ्या ती दिवसाउजेडी. मेटॅलिक रंगाचा फरक ट्यूबलाइटखाली दिसत नाही. उन्हात, तिरकस नजरेने दार आणि फेंडरचा रंग एकमेकांशी ताडून पाहा. पॅनेलमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. मिरज रस्त्याच्या सपाट भागात स्टिअरिंग अलगद सैल धरा. गाडी एकीकडे ओढत असेल तर अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागा. हे सगळं पटल्यावरच समाधानपत्रावर सही.

कृष्णेचं पाणी गाडीत शिरलं, २०१९ आणि २०२१ सारखं, तर स्टार्टर मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर नसेल तर विमा कंपनी तो खर्च नाकारते.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. पैसे लीज कंपनीला मिळतात; कराराची फोरक्लोजर रक्कम (मुदतीआधी करार बंद करायला लागणारी) त्याहून जास्त असेल तर फरक तुमच्याकडे मागितला जाऊ शकतो. रिटर्न-टू-इनव्हॉइस (गाडीच्या मूळ बिलाइतके पैसे देणारं) कव्हर इथेच उपयोगी पडतं, म्हणून ते आहे का, हे करारावर सही करतानाच विचारा. गाडी वर्कशॉपमध्ये असतानाही भाडं सुरूच राहतं; बदली गाडी मिळणार असेल तर किती दिवस आणि कोणत्या वर्गाची, हेही तेव्हाच लिहून घ्या.