लॅपटॉप असताना कॅल्क्युलेटरवर कशाला?

डोंबिवलीहून सकाळच्या लोकलला खिडकी मिळाली की मी पर्समधून टीआय-८३ प्लस हा ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर काढते. शेजारची कुणीतरी विचारतेच, "अगं, घरी लॅपटॉप असेल ना? मग ह्यावर कसले आकडे लिहीत बसतेस?" ऑफिसातही हेच. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

ते आकडे म्हणजेच प्रोग्रॅम. ह्या कॅल्क्युलेटरात झेड८० प्रोसेसर आहे. मूळ चिप १९७६ची, इथे ६ मेगाहर्ट्झवर चालते. पहिल्या ओळीवर कॅटलॉगमधून असेंब्लीची (प्रोसेसरच्या थेट सूचनांची) खूण टाकायची आणि खाली थेट हेक्स, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांतले आकडे, लिहायचे; दोन चिन्हांचा एक बाइट:

२१सीएफ०७
ईएफ०७४५
सी९

एवढे सात बाइट चालवले की स्क्रीनवर १९९९ उमटतं. २१ म्हणजे पुढची संख्या (बाइट उलट क्रमाने, म्हणून ०७सीएफ, म्हणजेच १९९९) एचएल ह्या प्रोसेसरमधल्या कप्प्यात, रजिस्टरमध्ये, भर; ईएफ म्हणजे रॉममधल्या तयार रुटीनला हाक, पुढचे दोन बाइट तिचा पत्ता; सी९ म्हणजे परत फिर. कॉलेजात ८०८५ ह्या इंटेलच्या प्रोसेसरच्या किटवर हेच २१ आणि सी९ दाबले होते. झेड८० आणि ८०८५ दोन्ही चिप इंटेलच्या जुन्या ८०८०च्याच घराण्यातल्या, त्यामुळे हाताला ओळख होतीच.

नवी होती ती सापेक्ष उडी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये आहे तिथून मागे-पुढे जाण्याची सूचना. ८०८५मध्ये आपण पूर्ण पत्ता देतो, इथे किती बाइट मागे जायचं ते मोजून द्यायचं. एकदा छोटा लूप लिहिला: रुटीनला हाक मारणारे तीन बाइट, त्याखाली बी ह्या फेऱ्या मोजणाऱ्या रजिस्टरमधून एक वजा करून, शून्य होईपर्यंत मागे उडणारी सूचना. मी तीन मागे म्हणून एफडी (हेक्समध्ये उणे तीन) लिहिलं. पण मोजणी उडीच्या सूचनेनंतर सुरू होते, तिचे स्वतःचे दोन बाइट मी धरलेच नव्हते. उडी पडली हाकेच्या शेवटच्या बाइटवर, ४५वर. तिथे तो पत्त्याचा अर्धा भाग होता. प्रोसेसरने तो सूचना म्हणून वाचला: एल (एचएलचा अर्धा भाग) मधलं बीमध्ये भर. दर फेरीला बी पुन्हा भरला जायचा, शून्यावर पोचेचना. स्क्रीन गोठली. एक सेल काढून परत बसवला, तर रॅम साफ आणि प्रोग्रॅमही गेला.

त्या दिवशी घाटकोपरपासून सीएसएमटीपर्यंत मी चौकटीच्या वहीत एकेक बाइट मांडत होते. ४५ सापडला तेव्हा इतका आनंद झाला की शेजारच्या काकूंना वही दाखवली. लॅपटॉपवरचा असेंब्लर, म्हणजे शब्दांतल्या सूचनांचे बाइट करून देणारा प्रोग्रॅम, हे अंतर स्वतःच मोजतो. कामासाठी तेच बरोबर, ऑफिसात मीही तेच वापरते. पण एकाच बाइटला कुठून वाचलं त्यावर अर्थ मिळतो, हे मला इतकी वर्षं नुसतं पाठ होतं. त्या गाडीत ते डोळ्यांनी दिसलं.

संध्याकाळी परतताना प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, एफडीच्या जागी एफबी, म्हणजे उणे पाच. एक प्रत आर्काइव्हमध्ये, म्हणजे रॅम साफ झाली तरी टिकणाऱ्या मेमरीत, ठेवली आणि मगच चालवला. लूप पाच वेळा फिरून थांबला.