घाट उतरून फुटबॉलला

रणजीचा सामना बघायचा तर आम्हा नाशिककरांना गोल्फ क्लब मैदान हाकेच्या अंतरावर. फुटबॉलचा मोठा सामना बघायचा तर मात्र कसारा घाट उतरावा लागतो. भाचा शाळेच्या टीममध्ये लेफ्ट विंगला खेळतो. "मामा, या सीझनला तरी मुंबई सिटीची मॅच दाखव," हे टुमणं त्याने दिवाळीपासून लावलं होतं.

मॅच अंधेरीला होती. पण दादरला उतरून अंधेरी गाठायच्या फंदात पडू नका. ठाण्याला उतरायचं, लोकलने घाटकोपर, आणि तिथून मेट्रोने थेट आझाद नगर. पुढे चालतच.

पाटीवर नाव शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, रिक्षावाल्यांच्या तोंडी अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स आणि टीव्हीवर मुंबई फुटबॉल अरीना. मालकी मुंबई महापालिकेची. १९९६ मध्ये मायकेल जॅक्सन नाचला तो इथेच, हे भाच्याला सांगितलं. त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. आवारात पालिकेचा तरणतलाव आहे. आम्ही पोचलो तेव्हा ओल्या केसांची, खांद्यावर टॉवेल टाकलेली पोरं बाहेर पडत होती आणि निळ्या जर्सीतले लोक आत घुसत होते. एकाच फाटकात दोन्ही गर्दींची सरमिसळ. मला हे फार आवडलं. पब्लिकच्या पैशाची जागा अशी वापरात दिसली पाहिजे.

मुंबई सिटी एफसी २०१४ चा क्लब. सुरुवातीला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर खेळायचा, २०१६ मध्ये अंधेरीला आला. त्याच हंगामात उरुग्वेच्या दिएगो फोर्लानने केरळा ब्लास्टर्सविरुद्ध इथे हॅट्ट्रिक केली. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगची साखळीत अव्वल ठरल्याची शील्ड आणि फायनलचा करंडक दोन्ही घरात आले.

स्टेडियम लहान आहे, आणि गंमत सगळी त्यातच. क्रिकेटच्या मैदानावर फुटबॉल बघताना खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. इथे कॉर्नर घ्यायला आलेला विंगर बॉल ठेवतो, बुटाने गवत दाबतो, बॉल उचलून पुन्हा ठेवतो आणि लाइन्समनशी हुज्जत घालतो, हे सगळं डोळ्यांसमोर. डिफेंडरला शिव्या घालणारा गोलकीपर तर चक्क ऐकू येतो. भाचा पहिल्या हाफमध्ये बॉलकडे कमी आणि विंगरच्या पायांकडे जास्त बघत होता. मुंबई सिटीच्या चाहत्यांच्या टोळीचे, वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाल्यांचे ढोल नव्वद मिनिटं थांबले नाहीत. ढोल म्हटल्यावर नाशिककराची मान आपोआप डोलतेच. ताल मात्र आपल्यापेक्षा कच्चा, हे नोंदवून ठेवतो.

हेच स्टेडियम जून २०१८ मध्ये ओस पडलं होतं. भारत-चायनीज तैपेई सामन्याला अवघे २,५६९ प्रेक्षक. भारताचा कर्णधार सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून विनवलं, 'शिव्या द्यायला का होईना, पण या'. तीनच दिवसांनी त्याच्या शंभराव्या सामन्याला, केनियाविरुद्ध, भर पावसात स्टेडियम भरलं. भारत ३-० ने जिंकला, दोन गोल त्याचेच.

परतीचं गणित आधीच मांडून ठेवा. सामना संपल्यावर मेट्रोने घाटकोपर, तिथून कसारा लोकल आणि कसाऱ्याहून शेअर टॅक्सी. टॅक्सीवाला पाचवी सीट भरल्याशिवाय हलत नाही. आमचा पाचवा गडी वीस मिनिटांनी उगवला, तोही पिशव्या-बोचकी घेऊन. भाचा तोवर फलाटाबाहेर रिकामी पाण्याची बाटली डाव्या पायाने भिंतीवर मारत बसला होता.