मे आणि नोव्हेंबर: तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याच्या मावसभावानं विचारलं. लेकीच्या होस्टेलवरच्या मैत्रिणींनी विचारलं. परवा एका लग्नात पंगतीला वाढत होते, तर पाहुण्यांपैकी एकानं सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो ताई, मे महिन्यात तुम्ही कांदेवाल्यांनी केंद्रातला मंत्री पाडलात, आणि सहा महिन्यांत त्याच लोकांना डोक्यावर घेतलंत. लाडकी बहीणच्या पंधराशे रुपयांत विकले गेलात का?" मी काही बोलले नाही. भात वाढत पुढं गेले. पण ते वाक्य त्या रात्री मला झोपू देईना, म्हणून लिहिते.

तुमचा हिशेब चुकीचा नाही. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या, भास्कर भगरे सर निवडून आले. शेजारची नाशिकची जागाही गेली. आणि २३ नोव्हेंबरला त्याच दिंडोरी मतदारसंघातल्या नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी या सहाच्या सहा विधानसभा महायुतीनं जिंकल्या. मी चांदवड तालुक्यातली. अडीच एकर रान, त्यात दीड एकर कांदा. मे महिन्यात मी विरोधात मत दिलं, नोव्हेंबरात बाजूनं दिलं. आमच्या ह्यांनी दोन्ही वेळा विरोधात दिलं. म्हणजे "तुम्ही लोक" असं काही नसतं, हे आधी सांगते. एका चुलीवर दोन मतं शिजतात.

निर्यातबंदी, शुल्क, किमान निर्यात मूल्य हे सगळं तुम्ही पेपरात वाचलेलं आहे, ते परत सांगत नाही. जे पेपरात आलं नाही, ते सांगते.

७ डिसेंबर २०२३, गुरुवार. त्याआधी २६ नोव्हेंबरला आमच्याकडे गारपीट झाली होती. अर्धा लाल कांदा जागेवर सडला. जो वाचला तो आक्कांच्या टोळीनं चार दिवसांत काढून, खांडून म्हणजे पात कापून दिला. बारा बाया, तीनशे रुपये रोज. आक्का म्हणजे टोळीच्या मुकादम, वयानं माझ्या सासूएवढ्या. मी त्यांना म्हणाले होते, "शुक्रवारी कांदा जातोय, संध्याकाळी पैसे." शेजाऱ्यांचा कांदा त्याच गुरुवारी क्विंटलला ३,४०० नं गेला होता. आमचा बावीस क्विंटल भरला. गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा काढून, ट्रॉलीवर ताडपत्री बांधून हे आणि दीर रात्री निघाले, कारण पहाटे नंबर लागला तरच दुपारच्या आत लिलाव होतो.

रात्री उशिरा मोबाइलवर आदेश फिरायला लागला. निर्यात बंद, ३१ मार्चपर्यंत. मला वाटलं जुना मेसेज कुणीतरी पुढं ढकलला असेल. ह्यांना फोन केला. ते म्हणाले, "इथं पोरं तेच वाचतायत."

सकाळी मी डबा घेऊन मागून गेले. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर एकाला एक लागलेले, आणि लिलावाचा पुकारा नाही. पुकारा नसलेलं आवार मी त्याआधी फक्त अमावास्येला पाहिलं होतं. व्यापारी आलेच नाहीत. आले तरी काय करणार होते, त्यांचाही माल बंदरावर अडकला होता. तिकडं चांदवडला पोरांनी मुंबई-आग्रा रस्ता अडवला. आमचे हे मात्र कुठं गेले नाहीत. ट्रॉलीवर ताडपत्रीवर बसून राहिले. मी डबा पुढं केला तर म्हणाले, "रस्त्यावर जाऊन काय करू? कांदा सोडून जाता येतं का?" उन्हाळ कांदा असता तर परत नेऊन चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, टाकला असता, चार महिने वाट बघितली असती. लाल कांद्याला चाळ नसते. तो पाण्याचा कांदा, त्यातून गारा खाल्लेला. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीखालून वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी ट्रॉली घरी आणली, अंगणात पसरला, सासूबाई आणि मी सडका निवडत बसलो.

रविवारी आक्का आल्या. बरोबर नात होती. ओट्यावर बसल्या. मी चहा ठेवला. त्यांनी पैशाचं नाव काढलं नाही. पाऊस, नातीची शाळा, सासूबाईंचे गुडघे, सगळं विचारलं. समोर अंगणात कांदा पसरलेला होता, तो त्यांनीच खांडलेला, आणि त्या एकदाही तिकडं बघेनात. माझी मान वर होईना. शेवटी उठताना म्हणाल्या, "बायांना मी सांगते. तू नको जीव खाऊ." त्या बारा जणींच्या घरी रविवारचा बाजार झाला नसणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

सोमवारी सकाळी मी बचत गटातून पंधरा हजार उचलले आणि चौदा हजार चारशे आक्कांच्या हातात मोजून दिले. आठव्या दिवशी कांदा गेला. बावीसचा वीस क्विंटल भरला, भाव १,७००. चौतीस हजाराची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती. ३,४०० नं बावीस क्विंटलचे चौऱ्याहत्तर हजार आठशे झाले असते. मधले चाळीस हजार आठशे कुणी चोरले नाहीत, गारपिटीनं नेले नाहीत. एका रात्रीत एक कागद निघाला आणि ते गेले.

मला राग कशाचा आला ते नीट ऐका. शहरात कांदा महाग झाला की सरकारला घाम फुटतो, हे मला कळतं. १९९८ साली दिल्ली राज्यातलं सरकार कांद्याच्या भावावरून गेलं, ते सगळ्याच पक्षांनी लक्षात ठेवलंय. शहरातल्या गरिबालाही भाजी परवडली पाहिजे, हे मी नाकारत नाही. पण मग सरकारनं बाजारभावानं घ्यावा आणि स्वस्तात विकावा. त्याचं बिल रात्रीतून माझ्या ट्रॉलीवर का? आणि वर एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी. पुढं आम्हालाही थोडी दिली, ४ मे रोजी बंदी उठवली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, तिथं एक पोरगा "कांद्यावर बोला" म्हणून ओरडला. तो कोण, कुठल्या पक्षाचा, यावरच मग सगळी चर्चा. तो काय म्हणाला यावर नाही.

तर २० मे रोजी मी विरोधात मत दिलं. नुसतं दिलं नाही, बचत गटात बोलले, दोन वाड्यांवर फिरले. "एकदा पाडा, दिल्लीला कळू दे" असं म्हणाले. माझी खात्री होती की माणूस बदलला की धोरण बदलेल.

आता त्या वेळच्या स्वतःशीच माझं भांडण आहे. सासरे तेव्हाच म्हणाले होते, "डिसेंबर २०१० मध्येही निर्यात बंद झाली होती. तेव्हा सरकार दुसरं होतं आणि कृषिमंत्री आपल्या महाराष्ट्राचे होते." मी त्यांना गप्प केलं. मीच म्हणाले, जुनी मढी उकरू नका. पण ते खरं बोलत होते. २०१०, २०१९, २०२०, २०२३. मंत्री बदलले, पक्ष बदलला, बंदी तीच. मग मी वाड्यांवर जाऊन बायांना जे सांगितलं ते काय होतं? खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. आणि अर्धं सांगून मी मत मागितलं.

तरी सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य काढलं आणि शुल्क ४० वरून २० वर आलं, तेव्हा मी ह्यांना म्हणाले, बघा, मताचा उपयोग झाला. हे म्हणाले, मे महिन्यातल्या मताचा नाही, नोव्हेंबरात यायच्या मताचा. यावर आमचं अजून एकमत नाही. दिलेल्या मताला कुणी घाबरत नाही, न दिलेल्याला घाबरतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

आता पंधराशे. हो, पंधराशेचा वाटा होता. किती ते मलाही मोजता येत नाही, पण नव्हता असं म्हणणार नाही. फक्त ते पैसे काय होते ते समजून घ्या.

आमचा सातबारा सासऱ्यांच्या नावावर. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा मातीमोल गेला, तेव्हा राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं. ते सातबारा आणि पीक पाहणी बघून सासऱ्यांच्या खात्यावर आलं. वावगं काही नाही, त्यांची जमीन. पण उळं म्हणजे कांद्याचं बी टाकण्यापासून खांडणीपर्यंत माझी कंबर मोडते आणि चोवीस वर्षांत कांद्याची एकही पट्टी माझ्या नावानं निघालेली नाही. लाडकी बहीणचे पैसे माझ्या नावावरच्या खात्यावर आले. जुलै ते नोव्हेंबरचे मिळून साडेसात हजार, मतदानाच्या आधी. बँकेत अंगठा नाही, सही करून काढले. आणि ते कुठं गेले? बचत गटाच्या त्याच पंधरा हजारांच्या कर्जात गेले. निम्मं फिटलं. दिल्लीच्या कागदानं झालेलं कर्ज मुंबईच्या पैशानं निम्मं फेडलं. तुम्ही याला विकलं जाणं म्हणता. माझे चाळीस हजार आठशे गेले तेव्हा त्याला काय म्हणायचं हे पंगतीत कुणी विचारलं नव्हतं.

पण पुरतं खरं बोलायचं तर एवढ्यावर थांबता येत नाही. दोन्ही सरकारांत तोच पक्ष आहे, हे मला मतदानाच्या दिवशी माहीत होतं. एकाला माफ न करता दुसऱ्याला मत देता येतं, असं मी मनाची समजूत घालून गेले. बटण दाबताना अंगणातला कांदा डोळ्यासमोर आला नाही. आधी आला होता, नंतर आला, नेमका तेव्हा नाही. त्याचं मला वाईट वाटतं. ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण निकालाच्या दिवशी गावात गुलाल उडत होता तेव्हा ते पाण्याची पाळी नसताना रानात जाऊन बसले.

१ एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्क शून्य झालं. जे मागत होतो ते मिळालं. आणि त्या वर्षीचा उन्हाळ कांदा पडत्या भावानं गेला. निर्यातदार सांगतात, इतक्या वेळा दार बंद केल्यावर बाहेरचं गिऱ्हाईक आपली सोय दुसरीकडं बघतं. बांगलादेशानंही स्वतःचा कांदा वाढवला. म्हणजे बंदी उठली तरी ती जाग्यावरच आहे. हे कुठल्या मतानं दुरुस्त होणार, मला सांगा. मी बदलाची आशा सोडलेली नाही. पण मी आता माणूस मागत नाही, कायद्यात लिहिलेली एक ओळ मागते: पीक बाजारात असताना रातोरात निर्यात बंद होणार नाही, करायचीच असेल तर आधी तारीख सांगून आणि तोटा भरून देऊन. ती ओळ जो लिहून देईल त्याच्यासाठी मी पुन्हा दोन्ही वाड्यांवर फिरेन. अजून कुणी दिलेली नाही. पुढच्या वेळी मी काय करेन, ते मलाच ठाऊक नाही.

रोप तयार झालंय. काल लागवडीला बाया सांगायला आक्कांकडे गेले होते. पैसे कधी, असं त्यांनी याही वेळी विचारलं नाही. शुक्रवार-बिक्रवार मी काही बोलले नाही. म्हणाले, "आधी गटातून पैसे उचलते, मग लागवड लावू."